पाच सेकंद काळ्यावर, पाच सेकंद पांढऱ्यावर

माझं काम बघण्याचं.
मांजरीच्या कारखान्यात, दिव्याखाली,
लशीची बाटली उलटी करायची, हलकेच फिरवायची,
पाच सेकंद काळ्या पाटीसमोर,
पाच सेकंद पांढऱ्या.
काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण.
काचेला केसाएवढा तडा असला तरी बाजूला.
मधेमधे डोळ्यांना सुट्टी.
तेव्हा आम्ही बायका हिरव्या भिंतीकडे बघत बसतो,
बोलत नाही. सवयच जाते.

घरी मात्र बोलते.
केशवनगरला नळाच्या लाइनीत
नंदा लोंढेनं विचारलं,
"तू तिथंच असतेस ना गं, काय असतं त्यात, खरं सांग?"
हंडा कमरेवर होता, सातची बस गाठायची होती.
म्हटलं, "मला काय माहीत बाई, आम्ही नुसतं बाहेरून बघतो."
आणि हसले.
तीपण हसली.

तीन आठवड्यांनी माझंच वाक्य माझ्या फोनवर आलं,
नणंदेकडून. तिला चाकणहून,
चाकणला सासवडहून कुणीतरी.
वर लाल दिवे, खाली जोडलेले हात.
"लस कंपनीतल्याच बाईनं फोडलं बिंग!
आत काय घालतात ते कामगारांनाही सांगत नाहीत.
ती स्वतःच्या पोरांना टोचू देत नाही.
आईबाप असाल तर पुढे पाठवा."

माझ्या पोराच्या दंडावर बीसीजीचा वण आहे, चवलीएवढा.
पण वाक्याचं शेपूट माझं होतं.
ओळखलं मी,
देवळाबाहेरच्या ढिगात आपली चप्पल ओळखू यावी तसं.
नणंदेला लिहिलं, हे खोटं आहे.
ती म्हणाली, कंपनी बोलू देत नसेल तुला.

बुधवारी अंगणवाडीत सत्तावीस नावांची यादी होती,
अकरा आली.
आशाताई, शोभना गव्हाणे, दारोदार फिरल्या.
आतून टीव्हीचा आवाज यायचा, कडी निघायची नाही.
एका दारावर खडूनं लिहिलेलं: बाळ मामाकडे गेलंय.
बाळ आत रडत होतं.

मग गोवर निघाला.
नंदाची जिजा, वीस महिन्यांची,
उशाला कडुलिंबाचा पाला,
चार दिवस देवीचं म्हणून गप्प,
पाचव्या दिवशी छातीत श्वास वाजायला लागला
तेव्हा रिक्षानं नायडूला.
वाचली.
उजव्या कानातून अजून पू येतो,
हाक मारली की भलतीकडेच बघते.

वाचला नाही तो मागच्या खोलीतल्या
बिहारी गवंड्याचा, आठ महिन्यांचा.
त्याच्या आईनं कशालाच नाही म्हटलं नव्हतं.
कार्डावर पुढची तारीख लिहिलेली होती.
सव्वीस दिवस बाकी होते.

सोमवारी एका बाटलीत तंतू सापडला.
काढून ठेवली. वेळ, बॅच, सही.
नळावर जे बोलले त्याला बॅच नव्हती,
कुठून कुठून परत मागवू?
नंदाशी मी अजून बोललेले नाही.
तीही नाही. हंड्याला हंडा लावून उभ्या असतो.

आता रविवारी शोभनाताईंबरोबर जाते.
कुणीतरी विचारतंच, आत काय असतं?
मी आधी बसते. पाणी मागते.
मग सांगते, गोवरची लस कोरडी असते,
चुन्याच्या बारक्या खड्यासारखी, पाण्यात कालवून देतात.
त्यात गोवरच असतो, बाई.
जिवंत. पण दमवलेला,
अंगाला ओळख पटण्यापुरता.

जिवंत म्हटलं की ती पोराला जवळ ओढते.
इथं खोटं बोलले असते तर सोपं गेलं असतं.
मी गप्प राहते.
ती माझ्याकडे बघत असते
पाच सेकंद, दहा सेकंद,
उलटी करून, हलकेच फिरवून.